दूध कुणाचं आटलं?

छबूबाईला कुणी काहीही सांगो, तिचा सवाल ठरलेला, "कुनाला झालं? नाव सांग." सांगणारा मग चाचपडायचा. गाव तिला वैतागून फौजदारीण म्हणे. म्हणेना का!

त्र्याऐंशीच्या श्रावणात झरी गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. सरकारी माणसाने विहिरीत लाल दवा टाकली, पाणी गुलाबी झालं आणि लगोलग बातमी फिरली, की या पाण्यानं बाळंतिणीचं दूध आटतं. छबूबाईची सून कमल बाळंतीण, पोर दीड महिन्याचं. छबूबाईचा नवरा गेल्यापासून घरात थोरल्या दिरांचा, दत्तरावांचा शब्द चाले. ते म्हणाले, "इहिरीचं पानी बंद. वढ्याचं आना."

त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला अख्खं गाव परसाकडे बसायचं. ते पाणी पाजून सून आणि नातू दोघंही हातचे जातील, या धास्तीनं छबूबाईचा जीव खालवर झाला.

"भावजी, दूध कुनाचं आटलं?"

"समदं गाव म्हनायलंय."

"गाव पाजतंय का लेकराला? बाईचं नाव सांगा."

नाव त्यांच्याकडे नव्हतं. शेजारच्या तानुबाईनं ही बातमी परभणीच्या बाजारात ऐकली होती, पोखर्णीला देवळासमोर नारळ विकणाऱ्या दगडाबाईच्या तोंडून. छबूबाईनं सरळ एसटी धरली आणि पोखर्णी गाठली.

"खोटं कशाला बोलू माय?" दगडाबाई म्हणाली. "झरीचीच बाई हाय. सुनेला दूध न्हाई म्हनून नवस बोलली व्हती. नारळ माझ्याकडूनच घेतला की तिनं."

तो नारळ छबूबाईचाच होता. बाळंतपणानंतर कमलला दोन दिवस दूध नव्हतं, मग उतरलं, आणि छबूबाई नवस फेडायला आली होती, तेव्हा नारळ घेताना तिनंच हे दगडाबाईला सांगितलं होतं. विहिरीत दवा पडली ती त्यानंतर कितीतरी दिवसांनी. रोज शेकडो तोंडं बघणाऱ्या दगडाबाईनं तिला ओळखलंसुद्धा नव्हतं. गप्प बसली असती तर कुणाला कळणारही नव्हतं. पण तिला स्वतःचाच संताप आला.

सकाळी तिनं कमलला लेकरासकट विहिरीच्या कठड्यावर बसवलं, पाणी शेंदलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. दत्तराव ओरडत धावले. छबूबाईनं जन्मात पहिल्यांदा दिरासमोर डोईचा पदर मागे सारला.

"नाव सापडलं, भावजी. दूध न्हवतं ते माझ्या कमलला, अन् सांगत फिरली ती मी. तवा इहिरीत दवा न्हवतीच. आता ही हितंच पानी पेनार, हितंच पाजनार. कोन आडवतंय बघते."

कुणी अडवलं नाही. कमल रोज कठड्यावर बसू लागली आणि पोर मचमच दूध ओढू लागलं. काही दिवसांनी तानुबाई रिकामी घागर घेऊन आली.

"छबूबाई, खरंच चांगलं हाय का गं पानी?"

"माझं नको ऐकू," छबूबाई म्हणाली. "पोराकडं बघ."