दुसऱ्या बाटलीचा फुगा

आमच्या कळमनुरीच्या शाळेतले विज्ञानाचे सर माळकरी आहेत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बराबर?' म्हणतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत. यीस्टच्या श्वसनाचा प्रयोग आला, की बेकरीतून यीस्टची पुडी शर्टाच्या खिशात ठेवून आणतात. पिशवीत त्याचा जीव गुदमरतो म्हणे.

साखरपाण्याच्या दोन बाटल्या, दोन्हींच्या तोंडाला फुगे. पहिलीतलं यीस्ट जिवंत असतं, वायू सोडतं, फुगा फुगतो. दुसरीत उकळून मारलेलं यीस्ट घालायचं असतं, आणि सर तिथंच अडतात. आजवर ते काम पीटीचे सर करायचे. त्यांची बदली झाली, तसे विज्ञानाचे सर भांडं आणि स्पिरिटचा दिवा घेऊन माझ्या चित्रकलेच्या खोलीत आले.

"तुमी मटण खाता, बराबर? मग एवढं उकळून द्या."

ते पाठ फिरवून व्हरांड्यात उभे राहिले. पाणी कोमट होताच यीस्टला फेस आला. भांडं जागं झाल्यासारखं वाटलं आणि मी उकळी यायच्या आधीच दिवा विझवला. सरांनी चप्पल काढून ते अनवाणी वर्गात नेलं.

तास संपेपर्यंत दोन्ही फुगे ताठ उभे होते. मुख्याध्यापक दारात आले.

"हे काहून फुगलं? हे मेलेलं होतं ना?"

"शेवटचा श्वास असंल, बराबर?" सर म्हणाले.

नंतर त्यांनी भांडं धुऊन माझ्या टेबलावर ठेवलं.

"मटण बी तुमी दुसऱ्यानं कापलेलंच खाता, बराबर?"

आणि पहिल्यांदाच ते उत्तरासाठी थांबले.