राजकन्येचा करदोटा

मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारामागे चाचांचं फ्रेमचं दुकान आहे. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. माझ्या मुलीने शाळेत काढलेली चित्रं फ्रेम करून घ्यायला मी त्यांच्याकडे जायचे. अशाच गप्पांत कधीतरी मी त्यांना सांगितलं होतं, की मस्कतला येण्यापूर्वी अकरा वर्षं मी मुंबईत जुनी तैलचित्रं स्वच्छ आणि दुरुस्त करायचं काम करत होते. ते त्यांनी लक्षात ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

एके सकाळी त्यांचा फोन आला. "बाय, घोळ झालाय. बरकाला एका अर्बाबच्या घरी हाय मी. मना नुसती फ्रेम बदलायची होती. चित्र उचललं नि रंगाची खपली पडली. अजून हात नाय लावला. तू येतेस काय?"

"खपली कुठंय?"

"पाकिटात घातलीय. पाकीट खिशात हाय, नि हात खिशावर."

त्यांचा पिकअप मला न्यायला आला. दार्सैतच्या माझ्या घरापासून बरकापर्यंत मी स्वतःला बजावत होते, की बघायचं आणि नाही म्हणून परत यायचं. मस्कतला आल्यापासूनच्या सहा वर्षांत मी एकाही चित्राला हात लावला नव्हता.

घर खजुराच्या बागेत होतं. अर्बाब, म्हणजे घराचे मालक, सत्तरीचे ओमानी गृहस्थ, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. लहानपण मत्रहच्या बाजारात गेल्यामुळे हिंदी छान बोलायचे. तरुणपणी युरोपात शिकत असताना एका जुन्या घराचं सामान विकायला निघालं होतं, त्यात हे चित्र त्यांना मिळालं. चाळीस वर्षं ते पाहुण्यांच्या खोलीत टांगलेलं होतं. समोर खिडकी, खिडकीतून समुद्राची दमट हवा, आणि खाली रोज लोबानाचा धूर.

चित्र जवळपास माझ्या उंचीचं होतं आणि करपलेल्या गुळासारखं तपकिरी झालं होतं. त्या तपकिरीतून एक फिकट चेहरा बाहेर बघत होता. दोन वर्षांची मुलगी. अंगावर मोठ्या बाईचा असावा तसा घेरदार पोशाख, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मागे लाल पडदा असावा असा नुसता भास.

"असली है क्या?" मालकांनी विचारलं.

"जुनं आहे," मी म्हटलं. "सतराव्या शतकातलं, स्पेनच्या दरबाराकडचं वाटतंय. राजाची मुलगी असावी. पण माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, साधनं नाहीत. हे काम मी करू नये."

"मग कोण करेल?"

चाचांनी खिशातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. नखाएवढी खपली होती, वर गडद लाल आणि खाली विटकरी अस्तर. तो लाल रंग बघून माझा निर्धार गेला. मेक्सिकोतल्या निवडुंगावरचे किडे वाळवून, कुटून, जहाजाने समुद्र ओलांडून आणून तो बनवत. ते मला शिकवलेलं होतं, पण असा तळहातावर तो मी पहिल्यांदाच घेतला होता.

"एक कोपरा साफ करून बघते," मी म्हटलं.

बांबूच्या काडीला कापूस गुंडाळला, तो तोंडात ओला केला आणि कॅनव्हासच्या खालच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवला. बोळा काळाकुट्ट झाला. मालक उठून उभे राहिले.

"राजाच्या मुलीला थुंकी लावता?"

"वरचा मळ काढायला याहून चांगलं काही नाही. मोठमोठ्या संग्रहालयांतही असंच करतात."

त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी, जणू जन्मभर हेच बघत आल्यासारखी, मान डोलावली. मालक हसले. "मग तुम्हाला पाणी पाजत राहायला हवं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवायला लागले.

पहिले काही दिवस सुटू पाहणारे रंग जागेवर चिकटवण्यातच गेले. मळ निघाल्यावर तपकिरी पडलेलं जुनं व्हार्निश. ते थुंकीने निघत नाही, त्याला द्रावणं लागतात. ती मागवली, खिडक्या उघडल्या आणि दिवसाला वीतभर अशा बेताने काम सुरू केलं. चाचा मला सकाळी सोडत आणि त्यांचं काम नसेल त्या दिवशी मागे खुर्ची टाकून बसत.

बाहीवरच्या लेसपाशी मी पोचले तेव्हा चाचांना बोलावलं. "इथं, माझ्याजवळ उभे राहा. काय दिसतंय?"

"पांढरे फटकारे. कुणीतरी झाडू मारल्यासारखे."

"आता मागे जा. दारापर्यंत."

ते मागे गेले आणि तिथेच थांबले. "या अल्ला," एवढंच म्हणाले. दारातून ती लेस होती. नक्षी, भोकं, कडेची दातेरी किनार, कापडाचा कडकपणासुद्धा. परत जवळ आले तर पुन्हा फटकारे. असं ते चार वेळा पुढे-मागे गेले. मला हसू येत होतं, पण पाचव्या वेळी मीही त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेले. चित्र जिथे टांगायचं तिथून कसं दिसेल, हे ती लेस काढणाऱ्याला हाताच्या अंतरावर उभं असताना कळत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मालक मला प्रश्न विचारत. राजाला इतकी चित्रं कशाला लागत? मी सांगितलं, राजाचे नातेवाईक दुसऱ्या देशांच्या गादीवर असत. मूल कसं आहे, किती वाढलं, हे त्यांना चित्रातून कळवलं जाई. मुलगी असेल तर होणाऱ्या सासरीही चित्र जाई. म्हणून एका चित्राच्या अनेक प्रती निघत, दरबारी चित्रकाराच्या हाताखालची माणसं त्या काढत. हा चित्रकार म्हणजे राजाचा नोकरच. नुसती चित्रं काढून भागत नसे, राजाच्या मुक्कामाची व्यवस्थासुद्धा बघावी लागे.

"याच घराण्याचं पोर्तुगालवरही राज्य होतं ना?" मालक म्हणाले. "आणि तेव्हा मस्कतच्या किल्ल्यांवर पोर्तुगीज शिपाई होते. पुढे आम्हीच त्यांना हाकलून दिलं." मग चित्राकडे बघून ओशाळल्यासारखे हसले. "हिला काही बोलत नाही मी."

अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्याखाली तपासताना मुलीच्या कमरेपासून खाली एक काळा डाग दिसला होता; मागाहून लावलेला रंग त्या उजेडात काळा दिसतो. नंतरच्या काळात कुणीतरी तिथे सपाट राखाडी रंग फासला होता. खाली काहीतरी झाकलेलं असणार, किंवा काहीच नसेल, नुसता खराब झालेला भाग असेल. मी मालकांना दोन्ही शक्यता सांगितल्या.

"वरचा रंगही जुनाच असेल ना?"

"असेल. एकदा काढला की परत येणार नाही."

त्यांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काढा. काय लपवलंय ते बघू. यल्ला, चला."

रंग मऊ पडायला वेळ लागत होता. मग भिंग लावून, शस्त्रक्रियेच्या पातीने कणाकणाने तो सोडवायचा. पहिल्या दिवशी लाल टोक दिसलं. मला वाटलं, रक्ताचा थेंब. दुसऱ्या दिवशी त्या टोकाला फांद्या फुटल्या. पोवळं होतं. मग चांदीची बारीक घंटा. मग काळ्या दगडाची इवली बंद मूठ, बोराएवढी. सगळं एका लाल दोरीवर ओवलेलं, आणि ती दोरी मुलीच्या कमरेला.

मी पाती खाली ठेवली. चाचा वाकून बघत होते.

"बाय, हा तर करदोटा हाय."

"दृष्ट लागू नये म्हणून," मी म्हटलं. ज्याची जहाजं मेक्सिकोपासून मनिलापर्यंत फिरत होती, त्या राजाच्या घरी कुणीतरी मुलीला सजवताना, हिऱ्यामोत्यांच्या आधी हे कमरेला बांधलं होतं. आणि चित्रकाराने ते लपवलं नाही. घंटेवरचा उजेड त्याने एका ठिपक्यात पकडला होता, आणि तो ठिपका इतक्या वर्षांच्या काळोखानंतरही तसाच लखलखत होता. पुढच्या कुणा मालकाला ते अडाणीपणाचं वाटलं असेल, म्हणून वर रंग फासला.

मालक आले, बघितलं, आणि आत गेले. थोड्या वेळाने चाकाच्या खुर्चीवरून त्यांच्या आईला घेऊन आले. वय नव्वदीच्या घरात असावं. एवढ्या दिवसांत मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पार चित्रापाशी न्यायला लावली. आधी चेहरा बघितला आणि लगेच, दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात तसं, म्हणाल्या, "माशाल्ला." मग घंटेकडे बोट केलं. पोवळ्याकडे. मुठीकडे. मग अरबीत काहीतरी विचारलं.

"विचारतेय, मुलगी जगली का?" मालक म्हणाले.

"माहीत नाही. ही कोण ते मला ओळखता येत नाही. त्या दरबारात पुष्कळ मुलं लहानपणीच गेली."

त्यांनी ते आईला सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या, हळू, थांबत थांबत, नजर चित्रावरून न हलवता. मालकांचा चेहरा बदलत गेला. ते खुर्चीशेजारी जमिनीवर बसले.

"माझ्याआधी एक मुलगी होती म्हणते. तिच्या गळ्यात अशीच चांदीची घंटा घातली होती. तापाने गेली. तेव्हा इथं दवाखाना कुठला." मग ते आमच्याकडे बघून म्हणाले, "मला हे आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं."

चाचा खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. मी तिथेच राहिले, कारण म्हाताऱ्या आजींनी माझा रंगाने माखलेला हात धरला होता.

त्यानंतर आजी रोज येऊन बसायच्या. मी काम करायचे, त्या बघायच्या. आमच्यात एकही समान भाषा नव्हती. एखादा नवा तुकडा उजळला की त्या खुर्चीच्या हातावर बोटांनी टकटक करायच्या.

काम संपल्यावर मालकांनी युरोपातल्या एका जाणकाराला फोटो पाठवले. उत्तर सभ्य आणि स्पष्ट होतं. दरबाराच्या चित्रशाळेतली प्रत, तीनेक माणसांनी मिळून काढलेली. मुख्य चित्रकाराचा हात निश्चित म्हणता येणार नाही.

मालकांनी ते मला वाचून दाखवलं. "म्हणजे खलास? त्याने काढलंच नाही?"

"पडदा नक्की दुसऱ्याचा आहे," मी म्हटलं. "तो कंटाळून रंगवलाय. खुर्ची तिसऱ्याची. पण करदोटा आणि तो खुर्चीवरचा हात काढणारा माणूस वेगळा होता. तो कोण, हे मलाही सांगता येणार नाही. एवढंच सांगते, की माझ्या आयुष्यात मी इतक्या जवळून असं काम पाहिलेलं नाही."

ते कागदाची घडी करत राहिले. मग म्हणाले, "आई विकू देणार नाहीच."

चित्र घराच्या आतल्या भिंतीवर लावायचं ठरलं, खिडकी आणि लोबान दोन्हींपासून लांब. चाचांनी नवी फ्रेम स्वतः बनवली, साधी काळी, आणि ती लावताना श्वास रोखून धरला. घरातल्या बायका बघायला आल्या. सुना, नाती, शेजारच्या दोघी. बोलत बोलत आत यायच्या आणि उंबऱ्यापाशीच थांबायच्या. कुणी काही समजावून सांगितलं नाही. आजी मधोमध बसल्या होत्या. एका सुनेने आपल्या कडेवरच्या तान्हीला चित्रासमोर धरलं, आणि ती तान्ही, तोंडात मूठ तशीच ठेवून, समोरच्या मुलीकडे टक लावून बघत राहिली.