भरदुपारचा पाट

मासिकातल्या गोष्टीत विधवा भेटली की मी आधी शेवटचं पान उघडून बघते. ती एक तर विहीर जवळ करते, नाही तर काशीची वाट धरते. लिहिणाऱ्यांना आमच्या वऱ्हाडातली माळीण ठाऊकच नाही, त्याला ते बिचारे काय करणार! माझी आजी मनकर्णाबाई बाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि हिवरखेडच्या विहिरीवर गेली ती रोज सकाळी मोट हाकायला.

मी अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवते. तिथल्या एक चारुशीलाबाई मला एकदा दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्यात म्हणे विधवांची पुन्हा लग्नं होतात?" मी मोठ्यानं म्हणाले, "होतात तर! माझ्या आजीनं सनई लावून केलं." बाईंचा चहा कपातच राहिला. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आजीचा पहिला नवरा गोवर्धन प्लेगात गेला. लेकरूबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली आणि थकलेल्या बापाचा मळा तिनं अंगावर घेतला. वांगी, मेथी, आणि बांधाकडेला शेवंती. तेल्हाऱ्याचे सूर्यभान बंडीतून तिचा माल बाजारात न्यायचे. त्यांचीही बायको वारलेली. त्यांची बंडी मळ्यापाशी जरा जास्त वेळ थांबायला लागली, तशा गावाच्या जिभा सैल सुटल्या. आजीनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बैलांपुढंच उभी राहिली.

"लोक बोलून राहिले. त्यात काई खरं असन तं सांगा. नसन तं उद्यापासून बंडी थांबवू नका."

सूर्यभान कमी बोलणारे. म्हणाले, "हाय."

एवढंच. माझ्या आजोबांनी घातलेली मागणी ती हीच.

आमच्या माळ्यांत विधवेला दुसरा घरोबा करता येई. त्याला पाट म्हणत. त्याला कुणाची ना नव्हती, पण रीत मोठी चमत्कारिक होती. पाट लागायचा तो अवसेच्या अंधारात, गावाबाहेर, मारुतीच्या देवळामागं. वाजंत्री नाही, मांडव नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या जोडीनं कुणाला तोंड दाखवायचं नाही, कारण सवाष्णीच्या नजरेला पडली तर अपशकुन! म्हणजे लग्न करा, पण चोरासारखं करा.

आजीचे चुलते शेषराव जातीचे पंच होते. ते अवस सांगायला आले तेव्हा आजी शेवंती खुडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "काहून काका? मी काय कोनाची कोंबडी चोरून राहिले? मी बाजारच्या दिवशी भरदुपारी पाट लावतो."

शेषराव लालबुंद झाले. "तसं केलं तं गावातली एक सवाष्ण तुह्या दारात पाय ठेवनार नाई. तुह्या मयातलं फूल कोनी देवाले वाहनार नाई."

"नोका वाहू. मेथी तं खासान!"

आणि तिनं खरोखरच केलं. सनईवाला अकोटाहून आणला, हार स्वतः ओवले आणि ऐन बाजारात, माथ्यावर ऊन असताना सूर्यभानांच्या गळ्यात घातले. लोक वांगी निवडायची सोडून बघत राहिले. मग आजोबाच तिच्या मळ्यावर राहायला आले.

शेषरावांनी आपला शब्द खरा केला. दोन वर्षं गावानं तिची फुलं घेतली नाहीत. मेथी मात्र पहिल्याच आठवड्यात घेतली, कारण तशी मेथी दुसऱ्या कुणाकडं नव्हती. हळूहळू फुलंही खपायला लागली. एक गोष्ट तेवढी कधी सुटली नाही. पाटाच्या बाईनं कुणाला हळद लावायची नाही, ही रीत जात्याच्या खालच्या तळीसारखी घट्ट बसलेली. गावात लग्न असलं की आजी मांडवाबाहेर बसून हार ओवून द्यायची आणि आत बायका नवरीला हळद लावायच्या. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण आई सांगते, हळदीची गाणी सुरू झाली की आजीची सुई जरा हळू चालायची.

ती आई म्हणजे सत्यभामा, पाटानंतर दोन वर्षांनी झालेली एकुलती लेक. ती चौदाची झाली तेव्हा अकोल्याहून, जठारपेठेतल्या खुशालरावांच्या घरून स्थळ चालून आलं. फळांचं दुकान, मुलगा शालिकराम निर्व्यसनी. खुशालराव बायकोला म्हणाले, "त्या घराची चौकशी काय करता? तिच्या मायचं लगन म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. भरदुपारी, सनई वाजून राहिली होती." ते त्या दिवशी हिवरखेडच्या बाजारात केळी विकत होते! भरदुपारी, हारतुऱ्यांत कुणी पाट लावतं, हे माळ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात येणार तरी कसं? त्यांनी ते आजीचं पहिलंच लग्न धरलं. इकडं आजी-आजोबांना वाटलं, हे बाजारात होते म्हणजे यांना सगळं ठाऊकच आहे. कुणी कुणाला फसवलं नाही, आणि तरी सोयरीक जुळली ती अशा चुकीवर.

हळदीच्या दिवशी नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्याची आई गंगूबाई मांडवात आली. गंगूबाई म्हणजे अंगापिंडानं थोराड आणि आवाजानं त्याहून थोराड. नवरी चौरंगावर बसलेली. आजी नेहमीसारखी मांडवाबाहेर सुई-दोरा घेऊन.

"विहीनबाई कुठी गेल्या?" गंगूबाईनं हाक मारली. "पयली हळद मायनंच लावली पाहिजे. आमच्यात तशीच चाल हाय. या!"

हिवरखेडची प्रत्येक बाई जमिनीकडं बघायला लागली. शेषरावांची बायको लगबगीनं बाहेर आली आणि आजीच्या कानाशी लागली, "त्याइले मालूम नाई व. मुकाट्यानं जा अन् लाव. आमी कोनी बोलत नाई. पोरीचं लगन होऊन जाऊ दे."

ज्यांनी सोळा वर्षं तिला मांडवाबाहेर बसवलं, तेच आता तिला आत ढकलत होते. आणि जायला तिचा जीव किती तळमळत असेल! पोटची पोर समोर पिवळ्या लुगड्यात बसलेली. एक शब्द बोललं की वऱ्हाड उठून जाणार, आणि अंगाला हळद लागायच्या वेळी लग्न मोडलेल्या पोरीला मग कोण करून घेणार?

आजीनं हात धुतले, पदर नीट केला, आत आली आणि गंगूबाईसमोर उभी राहिली.

"विहीनबाई, तुमाले कोनी सांगतलं नाई वाटते. मी पाटाची हाय."

"काहीतरीच! आमच्या घरच्यानं सनई आयकली होती."

"आयकली असन. पाटच होता. दुपारी मीच लावला."

वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशावर खुशालरावांना बोलावणं गेलं. ते तरातरा आले आणि मांडवाच्या तोंडाशीच कडाडले, "म्हंजे तुमी मले फसवलं!"

"फसवाचं असतं तं अवसेले लावला असता," आजी म्हणाली. "तुमाले दिसला, कारन म्या लपवला नाई. आताई लपवत नाई. पोरगी न्या, नाई तं नोका नेऊ. पन खोट्या हातानं मी तिले हळद लावनार नाई."

आई चौरंगावर हुंदके देत होती. खुशालराव काही बोलणार, तेवढ्यात गंगूबाईनं हात वर केला.

"थांबा जी तुमी," ती नवऱ्याला म्हणाली. "हे बाई आता चूप बसली असती तं आपल्याले जलमभर समजलं नसतं. मले अशाच घरची सून पाहिजे."

दोन बायका उठून निघून गेल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. गंगूबाईनं हळदीची वाटी उचलली आणि आजीच्या हातात दिली. माझी आजी, बैलांपुढं उभी राहणारी, पंचाला मेथी खायला सांगणारी, ती वाटी घेऊन तिथंच उभी राहिली आणि चारचौघांत पहिल्यांदाच ढसाढसा रडायला लागली. तिच्यानं हातच उचलेना.

गंगूबाईनं तिचं मनगट धरलं आणि लेकीच्या कपाळापर्यंत नेलं. "मंग रडजा, विहीनबाई," ती म्हणाली. "आधी लावा. वाळून राहिली हळद."