मुकादमचं गुरगुरणं

सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी ताईच्या जेवणाच्या टेबलावर उभा राहून पंख्याचं पातं धरून होतो. खाली मुकादम, म्हणजे ताईचा कुत्रा. टेबलावरून तो वाघाएवढा दिसत होता. माझा गुन्हा एवढाच, की त्याच्या वाडग्याशेजारी पडलेला चष्मा मी उचलायला गेलो. त्याच्या गुरगुरण्याने कपाटातल्या बश्या वाजत होत्या. शेजारच्या इमारतीतली माणसं भूकंप समजून जिन्यात आली असणार, याबद्दल मला शंका नाही. इतक्यात दारातून एक ढेरपोटे गृहस्थ आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कुत्र्याकडे तर मुळीच नाही. आम्हा दोघांकडे पाठ करून ते फरशीवर बसले आणि त्यांनी एक ऐसपैस जांभई दिली.

"अहो, माणूस मरतोय इथे!" मी ओरडलो.

"मरा, पण हळू आवाजात. तो तुम्हाला घाबरलाय."

मला! मला आजवर माझी मुलंसुद्धा घाबरलेली नाहीत. पण मुकादमने अंग झाडलं आणि मला सोडून तो त्यांचा वास घ्यायला गेला. जांभई देणं, पाठ फिरवणं म्हणजे कुत्र्यांच्या भाषेत "मला भांडायचं नाही", हे मला टेबलावरून उतरताना कळलं.

हे सर आधी गाडी चालवायला शिकवत. उमेदीची सगळी वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून काढल्यावर त्यांना कुत्री फार समंजस वाटू लागली, आणि ते कुत्र्यांना शिकवू लागले. कमरेला उकडलेल्या काळजाच्या तुकड्यांची पिशवी असे, त्यामुळे गल्लीतली मांजरं त्यांच्या मागून वरातीसारखी चालत. ती पिशवी घरात आणायला बायकोची बंदी होती. तोंड मात्र अखंड चालू. मी त्यांना गप्प बसलेलं फक्त एकदाच पाहिलं.

ताईला घाई होती. भाची तान्ह्या मुलीला घेऊन महिनाभर राहायला यायची होती. तोवर मुकादम सुधारला तर घरात, नाहीतर बाहेर, असं भावोजींनी जाहीर केलं होतं.

"माणूस जवळ आला की खाणं जातं, असं याचं मत झालंय," सर म्हणाले. "आपल्याला मत बदलायचंय. लांबून या, वाडग्यात काहीतरी चांगलं टाका आणि निघून जा. रोज थोडं जवळ. आणि साहेब, गुरगुरला तर मारायचं नाही. गुरगुरणं म्हणजे हॉर्न. हॉर्न काढून टाकला म्हणून कुणी गाडीखाली यायचं राहत नाही."

"हॉर्न!" भावोजी मला बाजूला घेऊन म्हणाले. "कुत्र्याला मेजवानी आणि आम्हाला प्रवचन. तुझ्या ताईला हे असले बरोबर सापडतात."

ताई मन लावून तुकडे टाकायची. मुकादम तिची पावलं ऐकून शेपटी हलवू लागला होता. पण ती आंघोळीला गेली की भावोजी वाडग्यापाशी जाऊन उभे राहायचे, चप्पल घेऊन. गुरगुरला की एक रट्टा. आठवड्याभरात गुरगुरणं बंद. ताईला वाटलं, सरांची किमया. भावोजींनीही तसंच वाटू दिलं.

सर बघायला आले, तेव्हा मीही होतो. भावोजी जवळ गेले तसा मुकादम खाता खाता थबकला. अंग लाकडासारखं ताठ, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसत होतं. सरांच्या कपाळावर आठी आली.

"साहेब, हात उचललात का याच्यावर?"

ताई समोर उभी. "छे!" भावोजी म्हणाले. "जीव आहे माझा त्याच्यावर."

सरांनी विश्वास ठेवला. विश्वास ठेवण्यासारखंच होतं. त्यांच्या हातून कुत्री सुधारतच असत. "आधी माझा हात, मग घरच्यांचा," असं म्हणून ते वाकले, आणि वाकता वाकता ताईला कुठल्याशा विद्यार्थ्याचा किस्सा सांगू लागले. मान ताईकडे, हात वाडग्याकडे. मुकादमने आवाज केला नाही. सरळ हात धरला.

रक्त थांबेना तेव्हा ताईने सगळे टॉवेल काढले. भावोजी पांढरेफटक पडले होते. "पण गुरगुरणं तर मी पार बंद केलं होतं!" ते म्हणाले, आणि मग कुणालाच काही विचारावं लागलं नाही. सर भिंतीला टेकून बसले होते. ते एक अक्षर बोलले नाहीत.

दवाखान्यातून त्यांनी ताईला फोन केला. "त्याला काही करू नका. माझ्या घरमालकाशी बोलतो, उद्या त्याला माझ्याकडे घेऊन जातो. त्याने सांगायचं बंद केलं, त्याला आपण लावलं तसं करायला."

ताईने हो म्हटलं. रात्री नवराबायकोत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सर रिक्षा करून आले. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्यात नवाकोरा पट्टा. दार भावोजींनी उघडलं.

"डॉक्टरांना सकाळचीच वेळ होती," ते म्हणाले. "इंजेक्शनच आहे, त्रास होत नाही म्हणाले."

सर आत आले नाहीत.

भाची त्या वर्षी आली नाही. तिला रजा मिळाली नाही.