धूळ वजा करणारे सर

समोरचा आनंदानं काही सांगू लागला, की सर आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत. मग म्हणत, "धूळ वजा कर, बाप्पा. मंग सांग काय उरते."

हे वाक्य त्यांनी दुर्बिणीच्या कामावरून आणलं होतं. विश्वाच्या अगदी सुरुवातीचा जो अंधुक प्रकाश अजून आभाळभर आहे, त्याचा झुकाव, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेनं हलतात ते, मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या एका गटात ते पुण्याला होते. आपल्या आकाशगंगेतली धूळही तसाच झुकलेला प्रकाश देते. ती नीट वजा केली नाही, तर माणूस धुळीलाच विश्वाचा जन्म समजून पेढे वाटतो. गटानं सरांना का काढलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते पुसदला आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आले आणि माणसं वजा करू लागले.

प्राचार्यांचा सत्कार झाला, तेव्हा सर त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संस्थेतला मेहुणा वजा करा."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माय-बाप दुसऱ्याच्या वावरात राबलेले. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेलो. सरांनी पेढा खाल्ला, चष्मा पुसला. "सवलत वजा कर. माह्या नोट्स वजा कर. मंग सांग, तू किती उरला." वर्गातली पोरं तिथंच उभी होती. मी डबा बंद केला. जेवढा उरलो, तेवढ्यावर त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो, हेही सांगून ठेवतो.

पुढं सर स्वतःच एक छोटं यंत्र बांधू लागले. गच्चीवर पत्र्याचा कर्णा, आत फिरती चकती. आभाळातून आलेला प्रकाश झुकलेला असला, तर चकतीबरोबर संगणकावरची रेघ डोलणार. रेघ डोलली. त्या दिवशी सरांनी चष्मा पुसला नाही. जुन्या गटाला कळवलं. तिथं आता त्यांच्याच हाताखाली शिकलेला एकजण प्रमुख होता. तो पाहायला येणार होता, आणि पटलं तर सरांना परत घेणार होता. सरांनी नवा शर्ट शिवला.

पाहुणा आला, त्यानं कर्ण्याभोवती एक फेरी मारली. जमिनीची ऊब कर्ण्यात शिरू नये म्हणून भोवती तीन बाजूंनी आडोसा होता. चौथ्या बाजूला पाण्याच्या टाकीमुळं आडोसा बसत नव्हता, म्हणून तेवढी फट उघडी. त्या बाजूला शेजारच्या कापसाच्या जिनिंगचं उतरतं टिनाचं छप्पर. पाहुण्यानं मला सायकल स्टँडवरचा सुटलेला पत्रा आणायला सांगितला आणि फटीत धरायला लावला.

रेघ सपाट झाली.

आभाळाचं त्यात काहीच नव्हतं. जिनिंगच्या उतरत्या छपरावरून येणारी ऊबही तशीच झुकलेली असते; सर इतके दिवस तीच मोजत होते.

गच्चीवर जमलेली पोरं हसू लागली. ज्यांना सरांनी वजा केलं होतं, ती आधी हसली. सर माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "जरासा बाजूले घे ना, बाप्पा."

मी पत्रा हलवला नाही.

खाली गाडीपाशी त्यांनी पाहुण्याला विचारलं, "मंग माहं काय?"

"सर, तुम्हीच शिकवलं ना," तो काच वर करत म्हणाला. "वजा करा. उरलं तर कळवा."

सरांनी निवृत्तीआधीच नोकरी सोडली. निरोपाला हार आणून ठेवला होता, ते आले नाहीत. राळेगावकडं भावाजवळ असतात म्हणे. कर्णा शिपायानं उचलून पाण्याच्या मोटारीवर पालथा घातला.

पत्रा मात्र मी सायकल स्टँडला परत नेला नाही. त्याच फटीत तारेनं आवळून बांधलाय. आडोशाच्या आत आता काही नाही. वारा सुटला की पत्रा वाजतो, पण हलत नाही.