भोंगा न झालेला दिवस

बमरोलीतल्या एका जोडप्याला मूल सांभाळायला शिकवण्याचे काम मी शाळा सुटल्यावर करीत असे. दोघांचीही समज वयाच्या मानाने कमी होती. नवरा कापडाच्या कारखान्यात सुताच्या बॉबिनी वाहायचा. बायकोला घड्याळ कळत नसे. मूल सात महिन्यांचे. नवऱ्याची आई गावी परतताना बजावून गेली होती, "महिन्यानं येते. जमलं नाही तर लेकरू परभणीला नेते."

अवघड धडा मी शाळेतही तुकड्यांनी शिकवते. पातेल्यावर खूण केली, पाणी इथपर्यंत. नाचणीचे पीठ दोन चमचे. पेज निवली का, हे मनगटावर थेंब टाकून पाहायचे. राहिली वेळ. शेवटच्या आठवड्यात मी सांगितले, सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की पेज. पाच दिवस बायको चुकली नाही. मला अभिमान वाटला.

सहाव्या दिवशी सासू येणार म्हणून मी सकाळीच गेले. रडणे गल्लीतूनच ऐकू आले. सासू नुकतीच गाडीतून उतरून आलेली, मूल तिच्या खांद्यावर. सून पातेल्यापुढे बसलेली. पाणी खुणेपर्यंत, पीठ मोजलेले, स्टोव्ह बंद. नवरा दारात कान देऊन उभा.

"पेज का केली नाहीस गं?" मी सुनेला विचारले.

"भोंगा झाला नाही की, बाई."

त्या दिवशी कारखान्यांना वीजकपातीची सुट्टी होती.

"कारखाना बंद, म्हणून लेकराचं पोट बी बंद?" सासू म्हणाली. "लई शिकवलंत, बाई!"

"आजी, चूक माझी आहे. रडणे ऐकायला शिकवायचे राहिले. एक आठवडा द्या."

आजी आठवडाभर राहिली, पण मुलाचे कपडे तिने पिशवीत भरून ठेवले. मूल रडले की आधी लंगोट पाहायचा, तो कोरडा असेल तर पेज. एवढेच रोज घोकून घेतले.

पुढच्या सुट्टीला आजी आणि मी उंबऱ्याशी बसलो. मूल रडू लागले. सुनेने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. आजीचा हात पुढे झाला, मी तो धरला. बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग सुनेने लंगोट चाचपला, तो कोरडा होता, आणि स्टोव्हचा आवाज आला.

"गरम हाय, थांब जरा," नवरा तिला म्हणाला.

तिने पुन्हा मनगटावर थेंब टाकला, मग चमचा मुलाच्या ओठांना लावला.

भरलेली पिशवी आजीने मांडीवरून खाली ठेवली. "दुपारची पेज बी बघते," ती म्हणाली, "मग गाडीचं बघू."