शिकारीचा बैल

हरणाच्या शिकारीला कधी जायचं आणि कुठं बसायचं, हे आम्ही दोघंच ठरवायचो. बंदूक माझी, बैल त्याचा. तो म्हणजे माझा बांधशेजारी, लहानपणापासूनचा दोस्त. बंदूक ठासणीची होती, वडिलांपासून चालत आलेली. बैल मात्र लाखात एक. हरीण माणसाला बुजतं, चरणाऱ्या बैलाला बुजत नाही. म्हणून त्या बैलाच्या आडोशानं आम्ही पावलापावलानं कळपाकडं सरकायचो. कानाशी बार झाला तरी तो जागचा हलायचा नाही. त्याला असा तयार करायला दोस्तानं तीन वर्षं घातली होती.

पौषात हरभरा घाट्यावर आला की कळप उतरायचे. दिवस मावळायच्या आत तो ओढ्याकाठचे खुरांचे ठसे बघून यायचा आणि मी वारा बघायचो. पूर्णेच्या स्टेशनाकडून गाडीची शिट्टी स्वच्छ ऐकू आली की वारा तिकडचा समजायचा आणि उलट्या बाजूनं शिरायचं. एवढ्यावर आमचं वावर ठरायचं. ज्याच्या वावरात जनावर पडेल त्याला एक मांडी जास्त, हा गावचा रिवाज.

त्या वर्षी तीनदा माझं वावर ठरलं आणि तीनदा आम्ही हात हलवत परत आलो. कळप येत नव्हता असं नाही. ओढा चढून करडईपर्यंत यायचा आणि तिथून फिरायचा. करडई आम्ही काट्याचं कुंपण म्हणून वावराच्या कडेनं लावतो. तिच्या पलीकडं काय चाललंय ते आम्हाला बांधावरून दिसत नसे. उजाडल्यावर बघावं तर सगळा कळप दोस्ताच्या हरभऱ्यात. तो म्हणायचा, "जाऊ दी, आता ऊन झालं. आता कळप जवळ येऊ देत न्हाई."

पहिल्यांदा मी नशिबाला बोल लावला. दुसऱ्यांदा वाऱ्याला. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. जागा आम्हा दोघांशिवाय फक्त माझ्या बायकोला ठाऊक असायची, कारण "उद्या अमक्या वावरात कुणाला फिरकू देऊ नको" असं मी तिला आदल्या संध्याकाळी बजावायचो. तिच्यावर कोण शक घेणार? राहिला एकच. मग त्याचं सगळंच खटकायला लागलं. संध्याकाळी तो एकटाच ओढ्याकडं का जातो? परतताना माझ्याकडं न बघता बैलाचीच पाठ का थोपटतो? दुसऱ्या खेपेपासून तो बोलतो कमी का?

रागानं माझं पोट दुखायचं. बायको बिचारी अशा सकाळी वाटीभर आंब पुढं करायची, हरभऱ्यावरच्या दवाचं ते आंबट पाणी. मी नाक दाबून प्यायचो आणि मनातल्या मनात दोस्ताला शिव्या द्यायचो.

चौथ्यांदा तेच झालं, तेव्हा मी त्याला चारचौघांत, मारुतीच्या पारावर गाठलं.

"तुझी नियत फिरली," मी म्हणालो. "एका मांडीपायी कळप तुझ्या वावरात घालायलास."

"असं हाय व्हय," तो एवढंच म्हणाला आणि बैलाचं दावं धरून चालता झाला. पुढच्याच बाजारी त्यानं बैल विकला. ते कळल्यावर मी म्हणालो, चोराच्या मनात चांदणं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आठवडाभरानं बायकोनं विचारलं, "उद्या कोणत्या वावरात जायलाव शिकारीला?"

"संपली शिकार. तुला कशाला पाहिजे?"

"तुमचं पोट दुखायलंय म्हणून. धोतर कुठं टाकू?"

मला कळेना. मग ती सांगत गेली. वर्षाची आंब घरात लागते, तिच्यासाठी रात्रभर हरभऱ्यावर फडकं पसरावं लागतं. लढाईचे दिवस, कापड कंट्रोलवर. वावरात टाकलेलं फडकं सकाळपर्यंत राहील याची खात्री नाही. "तुमी जिथं कुणाला फिरकू देत न्हाईत तिथंच टाकते, करडईच्या आडून. तुमी परत आलाव की पिळून आणते. तुमचंच जुनं धोतर हाय."

म्हणजे मी वारा बघून, श्वास रोखून बांधावर बसत होतो आणि हरणांच्या वाटेवर माझंच पांढरं धोतर, माझ्या अंगाच्या वासासकट, पसरलेलं होतं. वर तेच पिळून मी पीत होतो.

तसाच उठून त्याच्याकडं गेलो. तो रिकाम्या दावणीजवळ दोर वळत बसला होता. मी सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो. त्याचे हात थांबले नाहीत.

"धोतर मला दुसऱ्याच खेपेला दिसलं, कळप हाकलायला गेलो तवा," तो म्हणाला.

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? तुझं धोतर मी वळखत न्हाई का? मला वाटलं, तूच टाकायलास. तुला माझ्यासंगं शिकार नको झालीय अन् तोंडानं सांगवंना."

मी दोराचं दुसरं टोक धरून समोर बसलो. मग विचारलं, "बैल कुणी नेला?"

"नदीपलीकडचा कुणी व्हता. त्यानं कानाशी टाळी वाजवून बघितली. बैल हलला न्हाई, तर म्हणला, बहिरा हाय."

"तू सांगितलं न्हाईस?"

"न्हाई," तो म्हणाला. "तवाबी गपच बसलो."